तुरुंगाचं कुलूप : समज आणि वस्तुस्थिती

मनीषनगरातून सीताबर्डीकडे जाताना अजनी चौक आणि रहाटे कॉलनीच्या दरम्यान वर्धा रोडला लागून नागपूर मध्यवर्ती कारागृह येतं. ते १८६४ सालचं आहे. रोज हजारो लोक त्यावरून जातात, पण आतली दारं कशी बंद होतात आणि कशी उघडतात याबद्दल आपली बहुतेक माहिती सिनेमातून आलेली असते. जुनी कुलुपं बदलून नवी बसवण्याचा विषय निघाला की हे समज आड येतात, म्हणून ते एकदा तपासून पाहू.

‘आता तुरुंगात सगळं बटणावर चालतं’

तसं नाही. आपल्याकडच्या जुन्या मध्यवर्ती कारागृहांत बरॅकीला आजही गजांचं दार, कडीकोयंडा आणि कुलूपच असतं. सकाळी बरॅकी उघडायच्या, संध्याकाळी मोजणी करून बंद करायच्या आणि चाव्यांचा जुडगा हिशेबाने जमा करायचा. बटणावर चालणारी विद्युत-यांत्रिक कुलुपं प्रामुख्याने अमेरिका-युरोपातल्या तुरुंगांत बसली आणि तिथे ती आता जुनी होऊन बदलली जात आहेत. आपल्याकडे नवी कारागृहं बांधताना हाच मार्ग सुचवला जाईल. त्यामुळे तिथे काय बिघडलं ते आपण आधीच समजून घेतलेलं बरं.

या कुलुपाचं तत्त्व मनीषनगरातल्या कुठल्याही सोसायटीत पाहता येतं. वरच्या मजल्यावरून कुणी बटण दाबलं की खालच्या फाटकात ‘खट्’ आवाज होतो. तारेच्या वेटोळ्यात वीज गेली, त्याचं चुंबक झालं आणि त्याने खिट्टी ओढली, एवढंच घडलेलं असतं. तुरुंगात वेटोळं किंवा छोटी मोटर असते, खिट्टी जाड पोलादाची असते आणि बटण नियंत्रण कक्षात असतं.

‘दिवा ‘बंद’ दाखवतो म्हणजे दार बंद’

सगळ्यात घातक समज हाच. नियंत्रण कक्षातला शिपाई प्रत्यक्षात दार पाहत नसतो, तो दिवा पाहत असतो. खिट्टी बाहेर आली की नाही, दार चौकटीला टेकलं की नाही, हे कुलपातले दोन बारीक स्विच सांगतात. दार दिवसातून कितीदा तरी आपटतं. स्प्रिंग सैल होते, संपर्कबिंदूंवर धूळ आणि गंज चढतो, चौकट किंचित सरकते. खिट्टीच्या खाचेत कागद किंवा साबण कोंबला, की खिट्टी पूर्ण बसत नाही आणि झिजलेला स्विच ‘बंद’ असाच निरोप पाठवत राहतो. नागपूरच्या मे महिन्यातला ४५ अंशांचा उन्हाळा आणि धूळ जमेस धरा. वेटोळं तापणं आणि स्विच अडकणं इथे जास्तच संभवतं. जुन्या कुलपाचे सुटे भाग कंपनीने बनवणं थांबवलं, की एक कुलूप मोडून दुसरं चालू ठेवण्याची वेळ येते. कुलूप बाद झालं ते त्याच दिवशी समजावं.

‘कुलूप भारी असलं की पलायन होत नाही’

३१ मार्च २०१५ रोजी नागपूर कारागृहातून पाच न्यायाधीन बंदी पळाले. त्यांनी कुलपाला हात लावला नाही. खिडकीचे गज कापले आणि चादरींच्या आधाराने भिंती ओलांडल्या. पुढच्या वर्षी, ३१ ऑक्टोबर २०१६ला भोपाळ मध्यवर्ती कारागृहातून आठ बंदी पळाले आणि एका हवालदाराचा जीव गेला. टूथब्रशसारख्या वस्तूंपासून चाव्या बनवून त्यांनी कुलुपं उघडली, असं पोलिसांनी सांगितलं होतं. त्या कारागृहाकडे आयएसओ प्रमाणपत्र होतं.

नवी इमारतही हमी देत नाही. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचा तुरुंग २०१५ साली सुरू झाला. १६ मे २०२५च्या पहाटे तिथून दहा जण पळाले. त्यांनी कोठडीचं सरकतं दार रुळावरून उचकटलं आणि संडासाच्या भांड्यामागच्या भगदाडातून ते बाहेर पडले. सदोष कुलुपांसाठी निधी मागितला होता, असं तिथल्या शेरीफ सांगत होत्या. अवघ्या दहा वर्षांत ही अवस्था.

‘वीज गेली की दारं आपोआप उघडतात’

काही सोसायट्यांच्या दारावर खिट्टीऐवजी चुंबकानेच दार धरून ठेवणारं कुलूप असतं, ते वीज गेली की सुटतं. तुरुंगाचं कुलूप मात्र मुद्दाम उलट बनवलेलं असतं : वीज गेली तरी खिट्टी जागेवरच राहते. म्हणूनच प्रत्येक दाराला हाताने फिरवायची चावी लागते आणि ती फिरते की नाही हे नेमाने पाहावं लागतं.

‘आग लागली तर कुणीतरी उघडेलच’

२१ एप्रिल १९३० रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या तुरुंगात आग लागली. दीड हजारांसाठी बांधलेल्या जागेत सुमारे ४,३०० कैदी होते. चाव्या फिरायला उशीर झाला आणि ३२२ माणसं मेली. आठ दशकांनंतरही तेच. फेब्रुवारी २०१२मध्ये होंडुरासच्या कोमायाग्वा तुरुंगात साडेतीनशेहून अधिक कैदी कुलूपबंद बरॅकींत मेले. २७ मार्च २०२३ला मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेसच्या स्थलांतरित केंद्रात ४० जण दगावले. कोठडीचं दार न उघडताच रक्षक बाहेर पडताना कॅमेऱ्यात दिसले. आपल्याकडे ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले.

कोंडलेला माणूस स्वतः पळू शकत नाही, म्हणून त्याच्या जिवाची जबाबदारी पूर्णपणे कोंडणाऱ्यावर येते. धुराने भरलेल्या व्हरांड्यात एकेका कुलपाची चावी जुडग्यातून शोधायला वेळ नसतो. चांगल्या नव्या प्रणालीचा खरा फायदा इथे आहे : एका ठिकाणाहून पूर्ण रांगेची दारं एकदम सोडता येतात आणि वीज नसेल तर तेच काम यांत्रिक दांड्याने होतं. मला तरी कुलुपं बदलण्याचं हेच पहिलं कारण वाटतं. पलायन रोखणं दुसरं.

‘कुलूप बदलणं म्हणजे चार स्क्रूचं काम’

जुनं कुलूप पोलादी चौकटीतल्या ठरावीक मापाच्या खाचेत बसलेलं असतं आणि चौकट काँक्रीटमध्ये पक्की केलेली असते. नवं त्याच मापात बसलं नाही, तर भिंत फोडावी लागते. वायरिंग आणि नियंत्रण पेटीही बरोबर बदलावी लागते. काम चालू असेपर्यंत तेवढा भाग रिकामा करावा लागतो. पण क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेल्या कारागृहात ती हलवायची कुठे? शिवाय कामगाराचं प्रत्येक ड्रिल, प्रत्येक ब्लेड आत जाताना आणि बाहेर येताना मोजून घ्यावं लागतं. गज कशाने कापले जातात, हे नागपूरला माहीत आहे.

भारतातल्या कारागृहांत दर चारपैकी सुमारे तिघे न्यायाधीन आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. त्यांचाही जीव या कुलुपांवर अवलंबून आहे, म्हणून उद्या आपल्या राज्यात नव्या कुलुपांची निविदा निघाली तर तिच्या किमतीबरोबर तीन गोष्टी जाहीरपणे विचाराव्यात : आगीत पूर्ण बरॅक किती मिनिटांत उघडेल, त्याची रंगीत तालीम वर्षातून किती वेळा होईल आणि सुटे भाग किती वर्षं मिळतील. उत्तरं लेखी मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.