पब्लिक हेल्थची डिग्री, लोनचा हप्ता आणि मामांची सही

बारावीचा निकाल लागला की आपल्या नाशकात दोन गोष्टी जोरात सुरू होतात. कॉलेज रोडवर झेरॉक्सच्या रांगा आणि घराघरांत पैशांची बोलणी. यंदा ती बोलणी दिंडोरीला माझ्या मामांकडे होती. मामेबहिणीला पब्लिक हेल्थमध्ये बॅचलर डिग्री करायची होती. खासगी विद्यापीठ, तीन वर्षांची फी सहा लाख. मामा म्हणाले, "लोन काढू. गरज पडली तर जमीन तारण ठेवू." ती मला म्हणाली, "दादा, तू सांग, घेऊ का ॲडमिशन?"

मी वही काढली. तोच हिशोब आज तुमच्यासमोर मांडतो.

आधी विषय समजून घ्या. डॉक्टर डेंग्यूच्या पेशंटला बरं करतो. पब्लिक हेल्थवाला विचारतो, एकाच गल्लीत इतके पेशंट का? २०२७ च्या सिंहस्थात लाखो लोक गोदाकाठी येतील तेव्हा पिण्याचं पाणी, शौचालयं, साथीवर नजर हे सगळं याच शास्त्राचं काम. म्हणजे विषय भारीच आहे. प्रश्न नोकरीचा आहे.

मी तिला म्हटलं, माहितीपत्रक बाजूला ठेव, आधी नोकरीच्या जाहिराती वाच. पात्रतेचा रकाना बघ. उपकेंद्रावरचा समुदाय आरोग्य अधिकारी घ्या. महाराष्ट्रात या पदाला २५,००० रुपये मानधन आणि कामावर आधारित १५,००० पर्यंत, असे महिन्याला ४०,००० पर्यंत मिळू शकतात. पण तिथे बीएएमएस, बीयूएमएस किंवा नर्सिंगवाले लागतात. महापालिकेत स्वच्छता निरीक्षक व्हायचं तर त्याचा वेगळा डिप्लोमा मागतात. आरोग्य अभियानातल्या वरच्या पदांना बहुतेक वेळा एमपीएच, म्हणजे पब्लिक हेल्थमधली मास्टर्स, आणि कित्येकदा त्याआधी वैद्यकीय पदवीही लागते. नुसत्या बॅचलरवर उरतात संस्थांचे प्रोजेक्ट, सर्वेक्षण, हॉस्पिटलचं ऑफिस, विम्याचे क्लेम. त्यातलं बरंच कंत्राटी.

आता लोन. वर्षाला दोन लाख, तीन वर्षं, व्याज १० टक्के धरू. कोर्स संपल्यावर एक वर्षाची सवलत मिळते, पण व्याज थांबत नाही. सरळव्याजाने पहिल्या दोन लाखांवर चार वर्षांचे ८०,०००, दुसऱ्यावर ६०,०००, तिसऱ्यावर ४०,०००. म्हणजे हप्ता सुरू होतो ७ लाख ८० हजारांवर. दहा वर्षांसाठी महिन्याला साधारण १०,३००. एकूण परतफेड १२ लाखांच्या वर!

समजा पहिला पगार हातात १८,००० आला. हप्ता गेला की उरले ७,७००. त्यात खोलीभाडं, डबा, बसपास बसवा. मीच गप्प झालो.

मामांना दोन गोष्टी माहीत नव्हत्या. एक, साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारची हमी योजना आहे. त्यात बसणाऱ्या कर्जाला जमीन तारण ठेवावी लागत नाही. दोन, ते सहकर्जदार असतील. हप्ता थकला तर पोरीसोबत त्यांचाही सिबिल बिघडतो. ती सही साधी नाही.

सवलतीही बघा. घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांना सवलतीच्या काळातलं व्याज केंद्र भरतं. पीएम विद्यालक्ष्मीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर त्या काळात ३ टक्के सूट, पण फक्त यादीतल्या संस्थांना. राज्यात २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नावर शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. तेही मान्यताप्राप्त व्यावसायिक कोर्सला, शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून गेलात तरच. खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यात नाहीत. तिचा कोर्स इथेच अडकला.

मग दुसरा रस्ता मांडला. अनुदानित कॉलेजात साधी बीएस्सी, लोन शून्य. नंतर एमपीएच. पुणे विद्यापीठात आहे, मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आहे. आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे अभ्यासक्रमही बघायचे. प्रवेशाच्या अटी संस्थेनुसार बदलतात, त्या आधी वाचायच्या. समजा त्या दोन वर्षांना दोन लाखांचं लोन लागलं, तर त्याच हिशोबाने हप्ता साधारण ३,३०० येतो. आणि हातात ती डिग्री, जी जाहिराती मागतात.

ती दोन दिवस बोलली नाही. डोळे लाल. तिसऱ्या दिवशी फोन आला, "दादा, बीएस्सीचा फॉर्म भरला. पण एमपीएच करणार म्हणजे करणार."

बॅचलर डिग्री वाईट आहे, असं माझं म्हणणं नाही. सरकारी संस्था, कमी फी आणि पुढे मास्टर्स करायचं पक्कं असेल, तर जरूर घ्या. फक्त क्रम लक्षात ठेवा: आधी जाहिरात, मग हप्ता, मग ॲडमिशन. पगाराच्या पाव हिश्शाच्या वर हप्ता जात असेल, तर सहीआधी थांबा.

तुमचा आकडा काढून बघा, घरच्यांना दाखवा. भेटू पुढच्या भागात!