मोजके नमुने, नेमक्या वेळा

औषध रक्तात किती चढतं, किती वेगाने उतरतं आणि हे माणसागणिक का बदलतं, याचा अनेक रुग्णांना एकत्र घेऊन मांडलेला हिशोब म्हणजे पॉप्युलेशन फार्माकोकायनेटिक्स, थोडक्यात ‘पॉप-पीके’. त्याच्या नियोजनाबद्दलचे काही पक्के गैरसमज पाहू.

गैरसमज : रुग्णामागे रक्ताच्या दोन-तीन नमुन्यांतून काही हाती लागत नाही.
वस्तुस्थिती : एकट्या रुग्णाबद्दल थोडंच कळतं, पण पुष्कळ रुग्णांचे नमुने वेगवेगळ्या वेळी घेतले, तर संपूर्ण आलेख उभा राहतो. रोजच्या उपचारांत जमलेल्या तुटपुंज्या नोंदींवरून हे साधण्याची पद्धत शायनर, रोझेनबर्ग आणि मराठे यांनी १९७७ मध्ये मांडली. मात्र सगळ्यांचे नमुने पुढच्या डोसच्या तोंडावरच घेतले, तर गोळी किती वेगाने शोषली गेली, हे या हिशोबाचं कुठलंच गणिती मॉडेल सांगू शकत नाही.

गैरसमज : ठरलेली वेळ नोंदवली की भागलं.
वस्तुस्थिती : शिरेतून आठ वाजता दिलेल्या औषधाचं हाफ-लाइफ, म्हणजे रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, दोन तास आहे, असं धरा. नमुना दहाला घ्यायचा होता, घेतला दहा चाळीसला, कागदावर मात्र ‘१०.००’. तेवढ्या वेळात औषध आणखी सुमारे २१ टक्के उतरलेलं असतं. मॉडेलला वाटतं, हा रुग्ण औषध झपाट्याने बाहेर टाकतो. घरी घेतलेल्या गोळीची वेळ अंदाजाने लिहिली, तरी हाच घोळ. म्हणून डोसची आणि नमुन्याची खरी वेळ लिहून घेण्याची सोय आधीच करावी लागते.

गैरसमज : विश्लेषणाचं काम डेटा आल्यावर सुरू होतं.
वस्तुस्थिती : कोणता प्रश्न सोडवायचा, नमुने कधी घ्यायचे, मोजता न येण्याइतक्या कमी पातळीच्या नमुन्यांचं काय करायचं, मॉडेल कशावर पारखायचं, हे आकडे पाहण्याआधी लेखी ठरतं. नंतर ठरवलं, तर आकड्यांना सोयीचं तेच निवडण्याचा मोह आवरत नाही.

गैरसमज : जितके घटक तपासू तितकं चांगलं.
वस्तुस्थिती : वजन, वय, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा निर्देशक) असे घटक औषधाच्या शरीरातल्या मार्गावरून निवडायचे. अभ्यासात मूत्रपिंड अधू असलेले चारच रुग्ण असतील, तर ‘परिणाम आढळला नाही’ याचा अर्थ ‘परिणाम नाही’ असा होत नाही. असे रुग्ण पुरेसे हवेत, हे भरती करतानाच पाहावं लागतं.

गैरसमज : पॉप-पीके हा केवळ औषधाच्या मंजुरीच्या फायलीतला सोपस्कार.
वस्तुस्थिती : कर्करोगावरच्या निव्होलुमॅबचा डोस आधी किलोमागे ३ मिलिग्रॅम होता. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने काही कर्करोगांसाठी तो दर दोन आठवड्यांनी सरसकट २४० मिलिग्रॅम केला. आधार होता पॉप-पीके आणि रक्तातली पातळी व परिणाम यांच्या विश्लेषणाचा. डोस बदलण्याइतकं वजन या हिशोबाला असेल, तर नियोजनाच्या बैठकीत मॉडेल बांधणाऱ्याच्या शेजारी नमुना घेणारी नर्सही बसायला हवी.