आधी पाणी जगवा, मग मासे आणा

परसात तळे बांधून झाले, पाणी भरले, आणि मुलांच्या हट्टापायी त्याच संध्याकाळी बाजारातून रंगीत कोई मासे आणून सोडले. आठ-दहा दिवसांत एकेक मासा सुस्त होतो, पाण्याच्या वर तोंड काढून हवा घेऊ लागतो आणि एका सकाळी उलटा तरंगताना दिसतो. मग कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते दुकानदाराने आजारी मासे गळ्यात मारले. खरे कारण बहुतेक वेळा साधे असते. पाणी स्वच्छ होते, पण तयार नव्हते. या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळला, त्याचे निम्मे काम झाले.

कोई म्हणजे कोण?

कोई हा जपानी शब्द आहे आणि त्याचा साधा अर्थ कार्प मासा. आपल्या धरणांत ज्याला सायप्रिनस म्हणतात, तो याचा सख्खा भाऊबंद; रोहू आणि कटला हे थोडे दूरचे नातेवाईक. जपानच्या निइगाता भागातील डोंगराळ गावांत भातशेतीच्या तळ्यांमध्ये शेतकरी खाण्यासाठी कार्प पाळत. त्यात अधूनमधून लाल, पांढरे डाग असलेली पिल्ले निघू लागली. एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांनी ती निवडून वाढवली. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेले आणि तिथून त्यांची कीर्ती जगभर पसरली.

दुकानात कोई बोटाएवढा असतो. पण चांगल्या तळ्यात तो दोन फुटांपर्यंत वाढतो आणि पंचवीस-तीस वर्षे सहज जगतो. म्हणून तळे आखताना पिशवीतला मासा नव्हे, दोन फुटी मासा डोळ्यांसमोर ठेवावा. आज पहिलीत असलेल्या मुलाने हौसेने आणलेला मासा त्याच्या लग्नापर्यंत सोबत असू शकतो.

शौक, पण अमानत म्हणून

घरात जीव पाळावा की नाही, असा प्रश्न काही वाचक विचारतात. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत अबू उमैर नावाच्या लहान मुलाची हदीस आहे. त्याच्याकडे एक छोटा पक्षी होता. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) त्या मुलाला भेटत, तेव्हा त्या पक्ष्याची प्रेमाने चौकशी करीत. यावरून उलमांनी पक्षी पाळणे जायज ठरवले आहे, मात्र त्याचे हाल होता कामा नयेत. दुसरी हदीस तितकीच प्रसिद्ध आहे. एका बाईने मांजर कोंडून ठेवले, त्याला ना खायला दिले, ना स्वतःचे अन्न शोधायला सोडले. त्याबद्दल तिला अजाब झाला.

कोंडलेल्या जिवाची जबाबदारी कोंडणाऱ्यावर येते, हे या दुसऱ्या हदीसमधून स्पष्ट होते. नदीतला मासा पाणी बिघडले तर दूर जातो. आपल्या तळ्यातला मासा कुठे जाणार? त्याची हवा, त्याचे घर आणि त्याचे गटार हे सगळे एकच पाणी आहे. ते राखणे हीच अमानत.

तळे कसे असावे

आपल्या मशिदींच्या हौदांत मासे ठेवण्याची रीत जुनी आहे. मुंबईच्या जामा मशिदीतील जुन्या तलावात मासे आणि कासवे आहेत. औरंगाबादच्या पाणचक्कीच्या हौदातही मासे दिसतात. तिथे दुरून मातीच्या नळांतून आणलेले पाणी उंचावरून हौदात कोसळते. या हौदांकडून दोन धडे घ्यावेत. पहिला, पाणी पुष्कळ असावे. हनफी फिकहमध्ये ‘दह दर दह’, म्हणजे दहा हात लांब आणि दहा हात रुंद हौदाला मोठ्या पाण्याचा दर्जा दिला आहे. माशांच्या बाबतीतही थोडे पाणी लवकर बिघडते, पुष्कळ पाणी सावकाश बिघडते. दुसरा धडा, पाणी हलते असावे. पडणारे आणि खळाळणारे पाणी हवेतला प्राणवायू आत घेते.

परसासाठी दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि चार फूट खोल तळे ही चांगली सुरुवात आहे. हे झाले २४० घनफूट, म्हणजे सुमारे ६,८०० लिटर. एका मोठ्या कोईला किमान हजार लिटर, असा हिशेब धरला तर यात पाच-सहा मासे सुखाने राहतील. तीन फुटांपेक्षा कमी खोली नको. उथळ पाणी उन्हात लगेच तापते, आणि पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात हिरवी शेडनेट लावावीच लागेल. फणस-आंब्याच्या थेट खाली मात्र तळे नको. गळलेली पाने तळाशी कुजतात.

तळ्याचा काठ जमिनीपेक्षा दीड फूट उंच बांधावा. पावसाळ्यात अंगणातले गढूळ पाणी आत येणार नाही आणि तळे भरून मासे वाहून जाणार नाहीत. पण दीड फुटांचा काठ रांगणाऱ्या किंवा नुकत्याच चालू लागलेल्या मुलाला अडवू शकत नाही. चार फूट पाणी मोठ्यांच्या छातीइतके असते, लहान मुलासाठी ते विहिरीसारखेच. म्हणून तळ्यावर मजबूत जाळी आणि भोवती कडी लागणारे कुंपण, हे पाणी भरण्याआधी करावे. जाळीमुळे खंड्या, बगळे आणि मांजरेही दूर राहतात. पंपाची वायरिंग जाणकार वायरमनकडून, अर्थिंग आणि आरसीसीबी बसवूनच करून घ्यावी.

सिमेंट की प्लॅस्टिक?

शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद परसातल्या तळ्यालाही चालतो. खड्ड्यातले टोकदार खडे वेचून खाली वाळू किंवा जुन्या सतरंज्या अंथराव्यात. याचा मोठा फायदा असा की पाण्यात काही उतरत नाही.

सिमेंटचे तळे टिकाऊ, पण नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि पाणी इतके क्षारीय होते की माशाची त्वचा आणि कल्ले भाजून निघतात. त्यासाठी तळे भरून ठेवावे, पाच-सहा दिवसांनी रिकामे करून घासावे आणि पुन्हा भरावे. असे तीन-चार वेळा केले की चुना उतरणे कमी होते. पीएच तपासणारी पट्टी सलग काही दिवस साडेआठच्या खाली राहिली, तरच पुढे जावे.

पाणी तयार होते म्हणजे काय होते?

शाळेत आपण फळ्यावर नायट्रोजन चक्राची आकृती काढतो आणि मुले ती परीक्षेपुरती पाठ करतात. तळ्यात तेच चक्र माशाच्या जीवनमरणाचा प्रश्न होते.

मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजूनही अमोनियाच होतो. अमोनियाने कल्ले भाजतात. निसर्गात हा अमोनिया काही जिवाणू खातात. नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. पण नायट्राइटही विषारीच. त्याने माशाचे रक्त तपकिरी पडते आणि प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. मग नायट्रोस्पायरा जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट बरेच निरुपद्रवी आणि झाडांचे आवडते खत.

नव्या तळ्यात हे जिवाणू जवळजवळ नसतातच. ते फिल्टरमध्ये, दगडांवर आणि भिंतींवर हळूहळू वस्ती करतात. चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहूनही जास्त. काचेसारखे स्वच्छ दिसणारे नवे पाणी म्हणजे सफाई कामगार नसलेले शहर. त्यात एकदम मासे सोडणे म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!

सहा आठवड्यांचे काम

तळ्यात पाणी भरा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो माशांना आणि जिवाणूंना दोघांनाही मारतो. पाणी उघड्यावर हवेचा पंप लावून दोन दिवस फिरवले की क्लोरीन उडून जातो. विहिरीच्या पाण्यात हा प्रश्न नसतो, पण कोकणातल्या जांभ्या दगडातले पाणी बहुधा मऊ आणि आम्लाकडे झुकणारे असते. जिवाणू काम करताना पाण्यातला क्षार खर्च करतात. तो संपला की पीएच एका रात्रीत कोसळू शकतो. जोरदार पावसानंतरही हेच घडते. दुकानदार ज्याला केएच म्हणतात, ते लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आसपास ठेवावे. हजार लिटरमागे ३० ग्रॅम खाण्याचा सोडा टाकला की ते सुमारे १८ मिलिग्रॅमने वाढते. सोडा एकदम न टाकता दोन-तीन दिवसांत थोडा थोडा विरघळवून टाकावा. जाळीच्या पिशवीत शिंपल्यांचे तुकडे घालून ती फिल्टरमध्ये ठेवली तर हेच काम ते सावकाश करत राहतात.

फिल्टर घरीही करता येतो. २०० लिटरची दोन पिंपे घ्या. पहिल्यात गाळ बसतो. दुसऱ्यात जाळीदार प्लॅस्टिकचे तुकडे किंवा स्पंज भरून जिवाणूंना घर द्यायचे. पंप असा घ्या की तळ्यातले सगळे पाणी दोन तासांत एकदा तरी फिल्टरमधून फिरेल. वरच्या तळ्यासाठी तासाला ३,५०० लिटरचा पंप लागेल. तो रात्रंदिवस चालू राहिला पाहिजे, कारण प्रवाह थांबला की जिवाणू गुदमरतात. ६० वॅटचा पंप महिन्याला साधारण ४३ युनिट वीज घेतो. हा खर्च आधीच धरावा. वीज जाते त्या गावी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा.

आता मासा नसताना माशाचे काम आपण करायचे. रोज दोन-तीन चमचे माशांचे खाद्य पाण्यात टाका. ते कुजून अमोनिया तयार होईल. जवळपास कोणाचे जुने, निरोगी तळे असेल तर त्याच्या फिल्टरमधला एखादा स्पंज मागून आणा. विरजणासारखे ते काम करते.

थेंब टाकून रंग पाहण्याची तपासणी पेटी घ्या आणि एक वही मुलांच्या हाती द्या. तारीख, तापमान, पीएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट असे रकाने आखा. आधी अमोनिया चढेल. मग तो उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल. शेवटी नायट्राइटही उतरेल आणि नायट्रेट दिसू लागेल. खाद्य टाकत असूनही सलग आठवडाभर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, म्हणजे पाणी तयार झाले. पुस्तकातली आकृती मुलांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच अक्षरात उतरते. सब्र म्हणजे काय, हेही त्यांना न सांगता कळते.

या काळात पाणी हिरवे होईल. घाबरून सगळे ओतून देऊ नका. ब्लीचिंग पावडरने घासलात तर महिन्याची मेहनत जाईल. फिल्टर धुवायचाच झाला तर तळ्याच्याच पाण्यात हलका खळबळावा. आणि डासांवर लक्ष ठेवा. मासे नसलेले स्थिर पाणी म्हणजे डेंग्यूला आमंत्रण. पृष्ठभाग सतत हलता राहील असे पाणी सोडा आणि चार-पाच दिवसांनी अळ्या आहेत का ते पाहा.

मासे येतात तेव्हा

पहिल्यांदा दोन-तीनच मासे आणा, चार-सहा इंची. पर पसरून चपळ पोहणारे, अंगावर जखम किंवा पांढरे ठिपके नसलेले निवडा. पिशवी वीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवा, मग मासे अलगद आत घ्या. पिशवीतले पाणी मात्र बाहेर टाका. पहिल्या दिवशी खायला देऊ नका. पुढे चार-पाच मिनिटांत संपेल एवढेच द्या. नवे मासे महिन्याभराने आणि तेही तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच सोडा.

हा शौक कोणी करू नये

तळ्यातले दहा ते पंधरा टक्के पाणी दर आठवड्याला बदलावे लागते. वरच्या मापाच्या तळ्यात हे ७०० ते १,००० लिटर होते. ते वाया जात नाही. नायट्रेटमुळे केळी आणि नारळाला ते उत्तम. पण ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो आणि शेजारची बाई हंडा घेऊन रांगेत उभी असते, तिथे हा शौक इसराफ ठरेल. तिथे फुलझाडे लावा.

कंटाळा आला म्हणून कोई नदीत, ओढ्यात किंवा सार्वजनिक तळ्यात सोडणे ही दया नव्हे. कार्प मासा तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि स्थानिक माशांची जागा बळकावतो. जगातील सर्वांत उपद्रवी शंभर परकीय प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. सांभाळता येत नसेल तर दुसऱ्या तळेवाल्याला द्या.

ज्यांना पाणी, जागा आणि वेळ या तिन्हींची सोय आहे, त्यांनी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात खोदकाम काढावे. नोव्हेंबरात चुना उतरवावा, डिसेंबरात पाणी तयार करावे आणि इन्शाअल्लाह जानेवारीत मासे आणावेत. मधल्या काळात येणारे-जाणारे रिकामे तळे पाहून विचारतील, ‘मासे कुठे आहेत?’ मुलांनाच उत्तर देऊ द्या. वही त्यांच्याच हातात आहे.