नदीत शार्क? हो, आपल्याही!

माघ पौर्णिमेच्या यात्रेला कचारगडला तेलंगणातूनही गोंड भाविक येतात. त्यांच्यात जे आसिफाबादकडचे, त्यांच्या मुलखात जमिनीतून चक्क शार्कचे दात निघालेत! मलेरी गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरांतले हे दात वीस कोटी वर्षांहून जुने. जीवाश्म-अभ्यासक एस. एल. जैन यांनी १९८० मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. झेनाकँथ कुळातले हे गोड्या पाण्यातले शार्क. दाताला दोन सुळे, डोक्यामागे लांब काटा!

कचारगड ज्या सालेकसा भागात आहे, तिथलं पाणी आजही त्याच मुलखाकडे जातं. बाघ, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी, मग बंगालचा उपसागर. उलटा प्रवास करून आज एखादा शार्क येईल? छे! धवळेश्वरम, मेडीगड्डा, गोसीखुर्द... वाटेत धरणांच्या भिंतीच भिंती.

वाट मोकळी असली की बुल शार्क मात्र थक्क करतो. ॲमेझॉनमधून तो पेरूतल्या इकितोसपर्यंत, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटरहून अधिक आत पोचलाय. निकाराग्वाच्या सरोवरातले बुल शार्क वेगळ्याच जातीचे असं मानलं जाई. खुणेच्या चकत्या लावल्यावर कळलं, ते धावत्या पाण्यातून नदी चढून समुद्रातूनच येतात. ऑस्ट्रेलियात तर पुरात वाहून आलेले काही बुल शार्क एका गोल्फ मैदानाच्या तळ्यात वर्षानुवर्षं राहिले.

हे जमतं कसं? समुद्री शार्कच्या रक्तात मीठ आणि युरिया भरपूर. तो नदीत शिरला की बाहेरचं पाणी शरीरात घुसत राहतं. बुल शार्क रक्तातला युरिया कमी करतो, जादा पाणी पातळ लघवीवाटे बाहेर टाकतो आणि मूत्रपिंडं मीठ राखून ठेवतात. त्याची पिल्लं तर नदीतच वाढतात, कारण मोठे शार्क तिथे फारसे फिरकत नाहीत.

आपल्याकडेही तो येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ, वैतरणेच्या खाडीपात्रात मासेमारीला गेलेल्या तरुणाच्या पायाचा लचका बुल शार्कने तोडला.

खरी काळजी वाटते ती गंगा शार्कची. बारीक डोळ्यांचा, गढूळ पाण्यातला हा मासा कित्येक वर्षं कुणा अभ्यासकाच्या नजरेला पडला नव्हता. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर एक मादी दिसली, सुमारे २६६ सेंटिमीटर लांब, पण मेलेली. वन्यजीव संरक्षण कायद्याने गंगा शार्कला वाघाइतकंच, पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे. कोळी बांधवांनो, असा मासा जाळ्यात जिवंत आला तर पाण्यात सोडा, आणि बंदरावर मेलेला दिसला तर फोटो काढून मत्स्यविभागाला कळवा.