कुत्र्याचें भुंकणें व आपला शेजारधर्म

वांद्र्यांतील रणवार, चिंबई अशा जुन्या वस्त्यांत बैठीं कौलारू घरें व पुढें अंगण असे, तेव्हां कुत्र्याचें भुंकणें हा घराचा आधार वाटे. आतां त्याच वांद्र्यांत एका भिंतीपलीकडे दुसरें बिऱ्हाड असतें. लिफ्टचें दार आपटलें, जिन्यांत पावलें वाजलीं कीं कुत्रा भुंकूं लागतो. आणि पलीकडे कोणी आजारी असतें, कोणाची परीक्षा असते. गेल्या वर्षीं आमचा एक विद्यार्थी डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "सर, शेजाऱ्यांनीं तक्रार केली आहे. बाबा म्हणतात, मोतीला देऊन टाकूं." त्या निमित्तानें आम्हीं जें वाचलें व पाहिलें, तें येथें मांडीत आहों.

प्रथम कारण जाणावें. मनुष्याच्या कानास दर सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज कळतो. कुत्र्यास सुमारें ४५,००० पर्यंतचा. शिवाय जिन्यांतील मनुष्य आपल्या वाटेनें निघून जातो, आणि कुत्र्यास वाटतें, 'मीं भुंकलों म्हणून तो पळाला!' अशा रीतीनें संवय दृढ होते.

उपाय कोणता? सन १९२४ मध्यें मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीनें सशास भिणाऱ्या पीटर नांवाच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मूल आवडीचा खाऊ खात असतां ससा दुरून दाखवावयाचा व दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणावयाचा, अशा क्रमानें त्याची भीति गेली. हेंच तत्त्व कुत्र्यासही लागू पडतें.

ज्या आवाजास कुत्रा भुंकतो तो मोबाइलवर मुद्रित करावा. तो इतका मंद वाजवावा कीं कुत्र्यानें कान टवकारावे, पण भुंकूं नये; आणि लगेच उकडलेल्या कोंबडीचा लहानसा तुकडा द्यावा. आधीं आवाज, मग खाऊ, हा क्रम चुकूं नये. पांच मिनिटें, दिवसांतून दोनदां एवढा अभ्यास पुरे. आवाज हळूहळू वाढवावा. कुत्रा भुंकल्यास एक पायरी मागें यावें. दारापासून दूर एक चटई ठेवून, घंटा वाजतांच तेथें जाऊन बसण्यासही त्याला शिकवावें. तोंवर पंखा चालू ठेवावा, पडदे ओढावे व सकाळ-संध्याकाळ त्यास भरपूर फिरवून आणावें.

मारणें व ओरडणें व्यर्थ होय; त्यानें भीति मात्र वाढते. तोंड बांधून ठेवणें तर घातक, कारण कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो तेव्हांच त्याचें अंग निवतें. जो केवळ एकटा असतांना भुंकतो त्याचें दुखणें एकटेपणाचें असतें; त्यास हा उपाय पुरत नाहीं. म्हातारा कुत्रा एकाएकीं भुंकूं लागल्यास पशुवैद्यास दाखवावा. आणि कंटाळून त्यास रस्त्यावर सोडण्याचा विचार कोणीं मनांत आणूं नये. भुकेतहानेनें हाल होतील अशा स्थितींत जनावर टाकून देणें हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे.

आमच्या विद्यार्थ्यानें शेजाऱ्यांच्या दारीं जाऊन क्षमा मागितली व दोन महिन्यांची मुदत मागितली. तक्रार करणारे आजोबाच पुढें रोज सायंकाळीं घंटा वाजवून अभ्यासास साह्य करूं लागले! मोती अगदीं मुका झाला नाहीं. एकदोनदां भुंकतो व चटईवर जाऊन बसतो. तेवढें आजोबांस चालतें.

विद्यार्थिमित्रहो, शेजाऱ्यावर प्रीति करावी असें आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. मुका जीवही त्याच प्रभूची निर्मिति आहे. दोघांचेंही ऋण फेडावयाचें तर थोडा खाऊ व पुष्कळ धीर लागतो.