बस डावीकडे वळताना

सायकलवाल्याला खरी धास्ती चौकाची असते, आणि ती रास्तच आहे. बस डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत. ती आतून, कोपऱ्याला चाटून जातात. बसचं तोंड पुढे गेलं म्हणून निर्धास्त झालेला सायकलस्वार नेमका त्या आतल्या पट्ट्यात सापडतो. शिवाय चालकाला तो भाग आरशातही धड दिसत नाही.

नेदरलँड्समधल्या अनेक चौकांत यावर उपाय आहे. कोपऱ्यावर छोटं बेट बांधतात आणि सायकलची वाट साधारण एका मोटारीच्या लांबीइतकी आत घेतात. (तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आपल्याला आराखडा उलटा करून घ्यावा लागेल.) बेटामुळे गाडीला वेग कमी करूनच वळावं लागतं. सायकलच्या वाटेपाशी येईपर्यंत ती जवळपास काटकोनात वळलेली असते, त्यामुळे सायकलस्वार थेट पुढच्या काचेतून दिसतो.

वेग कमी होण्याला फार महत्त्व आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: ताशी ३० ऐवजी ५० किलोमीटर वेग असेल, तर ती जवळजवळ पावणेतीनपट!

आपल्याकडे रंगवलेला सायकलपट्टा बहुधा चौकाच्या अलीकडेच संपतो, म्हणजे गरज असते तिथेच. पक्कं बेट महाग वाटत असेल, तर रबरी खांब ठोकूनही वळण आवळता येतं. फक्त आधी बारा मीटरची बस एकदा वळवून बघावी.