बुलढाण्याचे आरोग्य खाते नेमके कोणाचे?

२० फेब्रुवारी २०२४ रोजी लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात हरिनाम सप्ताह चालू होता. एकादशी होती, म्हणून पंगतीला भगर आणि आमटी. रात्री एकेकाला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि बघता बघता सोमठाणा व खापरखेडची शेकडो माणसे बीबीच्या ग्रामीण रुग्णालयाच्या दारात येऊन पडली. ग्रामीण रुग्णालय म्हणजे सरकारी मापाप्रमाणे तीस खाटांचे. लोकांना बाहेर रस्त्याकडेला झोपवले, दोऱ्या बांधल्या आणि त्या दोऱ्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगल्या. खासगी डॉक्टरही धावून आले. काहींना मेहकर, लोणारला हलवले. ते छायाचित्र देशभर फिरले.

मग नेहमीप्रमाणे विचारणा सुरू झाली, जबाबदार कोण? बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाला एक उत्तर नाही. बीबीचे रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखालचे, म्हणजे थेट राज्य सरकारचे. गावात जाऊन पाण्याचा नमुना घेणारा आरोग्य सेवक जिल्हा परिषदेचा. भगर तपासायची अन्न व औषध प्रशासनाने. विहिरीत ब्लिचिंग पावडर, म्हणजे गावकऱ्यांच्या भाषेत टीसीएल, टाकायची ग्रामपंचायतीने. यातल्या आरोग्य यंत्रणांवर नजर ठेवणारे आरोग्य उपसंचालक बसतात अकोल्यात. आजार मात्र एकच, आणि तो कोणत्या खात्याचा हे बघून येत नाही.

जिल्ह्याला स्वतःचे, अधिकार आणि पैसा असलेले सार्वजनिक आरोग्य खाते हवे की आहे त्याच दोन-तीन खात्यांना निधी वाढवून द्यावा, हा वाद बुलढाण्यात कधी वैद्यकीय महाविद्यालयाच्या निमित्ताने निघतो, कधी खाऱ्या पाण्याच्या, तर कधी केसगळतीच्या. तो समजून घ्यायचा तर खात्याचा जन्म पाहावा लागतो. तो जुना आहे आणि जरा विचित्रही.

१९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांपैकी मृत्यूचे प्रमाण सर्वांत जास्त होते ते मध्य प्रांत व वऱ्हाडात. बुलढाणा तेव्हा त्याच प्रांतात. पुढच्याच वर्षी, १९१९च्या सुधारणांनी, सार्वजनिक आरोग्य हे खाते लोकनियुक्त मंत्र्यांकडे दिले. अर्थखाते मात्र गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाने आपल्याकडेच ठेवले. आरोग्य मंत्र्याचे, तिजोरी दुसऱ्याची. शंभर वर्षांनंतरही बुलढाण्यात हीच घडी कायम आहे, फक्त माणसे बदलली, असे मला वाटते.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. विदर्भात त्याआधी जनपद सभा होत्या. वसंतराव नाईक समितीने बलवान जिल्हा परिषदेची शिफारस केली होती आणि १९६१च्या कायद्याने प्राथमिक आरोग्य केंद्रे परिषदेकडे सोपवली. परिषदेत निवडून आलेल्या सदस्यांची आरोग्य समिती, खाली जिल्हा आरोग्य अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, मग आरोग्य सेविका. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालये आणि ग्रामीण रुग्णालये राज्याकडे राहिली. एकाच जिल्ह्यात आरोग्याचे दोन कारभारी झाले, एक जिल्हा आरोग्य अधिकारी आणि दुसरे जिल्हा शल्यचिकित्सक, ज्यांना लोक अजूनही 'सीएस साहेब' म्हणतात. ७३व्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची आणली, तिच्यात पंचायतींकडे देण्याच्या विषयांत आरोग्य केंद्रांसोबत रुग्णालयांचाही उल्लेख आहे. महाराष्ट्राने रुग्णालये दिली नाहीत.

आणखी एक गोष्ट १९७०मध्ये घडली. साथी आवरणारे सार्वजनिक आरोग्याचे संचालनालय आणि रुग्णालये चालवणारे सर्जन जनरलचे कार्यालय ही दोन्ही एकत्र करून आरोग्य सेवा संचालनालय झाले, आणि वैद्यकीय शिक्षण वेगळे निघाले. कागदावर हे सोयीचे वाटते. पण एकाच घरात राहू लागल्यावर रुग्णालयाचा आवाज मोठा आणि प्रतिबंधाचा बारीक, हे ठरलेलेच. तापाने फणफणलेला रुग्ण दारात असतो. न झालेला ताप कोणाच्याच दारात नसतो. तामिळनाडूने उलटे केले. १९३९चा मद्रास सार्वजनिक आरोग्य कायदा टिकवला, प्रतिबंधाचे संचालनालय वेगळे ठेवले आणि तिथल्या अधिकाऱ्यांना बढतीची स्वतंत्र वाट दिली. आपल्याकडे मात्र साथरोग तज्ज्ञ हा बहुतेक वेळा कंत्राटी.

आता पैशाकडे येऊ. वादाचा खरा गाभा इथेच आहे, पण सभेत तो सगळ्यात कमी बोलला जातो. कर्मचाऱ्यांचे पगार राज्याच्या अनुदानातून. इमारती, दुरुस्त्या, रुग्णवाहिका जिल्हा नियोजन समितीतून, जिचे अध्यक्ष पालकमंत्री. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा केंद्र ६० आणि राज्य ४० या प्रमाणात येतो, तोही परिषदेच्या तिजोरीत न पडता जिल्हा आरोग्य सोसायटीच्या खात्यात. पंधराव्या वित्त आयोगाने देशातल्या स्थानिक संस्थांच्या आरोग्यासाठी पाच वर्षांत ७०,०५१ कोटी रुपये ठेवले, त्याचे नियमही वरूनच ठरलेले. परिषदेचा स्वनिधी म्हणजे जमीन महसुलावरचा उपकर आणि किरकोळ जमा. म्हणजे पाच खिसे, पण आरोग्य समितीचा स्वतःचा म्हणावा असा एकही नाही. शेगाव तालुक्यात उद्या काही विचित्र घडले तर त्याच आठवड्यात प्रयोगशाळेला पैसे देण्याइतकी मोकळी रक्कम कोणाच्या हातात असते?

हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. डिसेंबर २०२४च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस गळू लागले. आधी खाज, मग केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बायका, पोरे, म्हातारे, कोणी सुटले नाही. वाहिन्यांनी 'टक्कल व्हायरस' नाव देऊन टाकले आणि त्या गावांशी सोयरीक करायला लोक बिचकू लागले. आरोग्य विभागाचे पथक आले, त्वचारोग तज्ज्ञ आले, पाण्यात नायट्रेट जास्त असल्याचे सांगितले गेले, बुरशीचा संशय व्यक्त झाला. जानेवारीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके येऊन रक्त, केस, पाणी, धान्य यांचे नमुने घेऊन गेली.

फेब्रुवारी २०२५मध्ये निष्कर्ष जाहीरपणे मांडला तो महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी. विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर ओळखले जाणारे, २०२२चे पद्मश्री. रेशनच्या दुकानातून मिळालेल्या, पंजाबकडून आलेल्या गव्हात सेलेनियम भरमसाट आहे, स्थानिक गव्हाच्या सुमारे ६०० पट, आणि केसगळतीचे कारण तेच, असे त्यांचे म्हणणे. पंजाबच्या शिवालिक पायथ्याच्या काही जमिनींत सेलेनियम जास्त असल्याचे मृदाशास्त्रज्ञ पूर्वीपासून सांगत आले आहेत, त्यामुळे ही गोष्ट हवेतली नाही. या निष्कर्षावर कोणाचे काय मत आहे ते बाजूला ठेवू. मला खटकते ते इतकेच, की कोकणातल्या एका डॉक्टरने स्वतःच्या पुढाकाराने जे तपासले, ते तपासण्याची सोय आणि मुभा बुलढाण्याच्या आरोग्य कार्यालयाकडे नव्हती.

का नव्हती, हे एखाद्या आरोग्य सेवकासोबत गावात फिरले की कळते. त्याच्या पिशवीत काचेची छोटी नळी असते आणि ओटी द्रावणाची बाटली. नळाचे पाणी नळीत घ्यायचे, थेंब टाकायचे, पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे. पिवळे नाही झाले तर ग्रामपंचायतीच्या शिपायाला हाक मारून 'टीसीएल टाकली नाही का रे?' विचारायचे. वर्षातून दोनदा सर्वेक्षण होते आणि ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. लाल कार्ड मिळाले की सरपंचाचा चेहरा पडतो. ही पद्धत चांगली आहे. हगवण, कावीळ, कॉलरा आवरण्यात तिचा मोठा वाटा आहे. पण ती जंतूंसाठी बांधलेली. क्षार, नायट्रेट, सेलेनियम त्या नळीला दिसत नाहीत.

आणि बुलढाण्याचे दुखणे बरेचसे रसायनाचेच आहे. घाटाखाली पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाण पट्टा पसरला आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुऱ्यातल्या कित्येक गावांत विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. मुतखडा आणि किडनीचे आजार तिथे घरोघरी त्या पाण्याला जोडले जातात. वान धरणावरून जळगाव जामोद-संग्रामपूरसाठी १४० गावांची पाणीपुरवठा योजना आली ती याच ओरडीतून. पाणी आणि मूत्रपिंड यांचा संबंध नेमका किती, कोणत्या वयात, शेतात फवारणी करणाऱ्यांत जास्त का, हे सांगायला एकाच गावात दहा-दहा वर्षे नोंद ठेवणारी माणसे लागतात. बदली होऊन जाणारा डॉक्टर आणि दरवर्षी करार संपणारा कंत्राटी कर्मचारी हे काम कसे करणार? राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या या कर्मचाऱ्यांना कायम होण्यासाठी संप करावे लागतात. राज्याने मार्च २०२४मध्ये दहा वर्षे सेवा झालेल्यांना समायोजनाचा निर्णय दिला, तरी त्यांची आंदोलने थांबली नाहीत.

जिल्ह्याच्या राजकारणात मात्र आरोग्य म्हटले की चर्चा वैद्यकीय महाविद्यालयावर जाते. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत बुलढाणा होते. शंभर विद्यार्थ्यांची प्रवेश क्षमता. ही मागणी रास्तच होती, हे मान्य केले पाहिजे. गंभीर रुग्ण म्हटला की 'अकोल्याला न्या' किंवा 'संभाजीनगरला न्या' हे शब्द इथल्या प्रत्येक कुटुंबाने ऐकले आहेत, आणि वाटेत गेलेली माणसेही प्रत्येक गावाला आठवतात. पण महाविद्यालय आले की जिल्हा रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे सोपवायचे, हा राज्यभरचा शिरस्ता आहे. दोन कारभारी होते, आता तिसरा आला. शिवाय घाटावर आणि घाटाखाली हा इथला जुना सल आहेच. रेल्वे घाटाखाली, मुख्यालय घाटावर, खामगावला वेगळा जिल्हा हवा ही मागणी कित्येक वर्षांची. संग्रामपूरच्या आदिवासी पाड्यावरून बुलढाणा गाठायला जो वेळ लागतो, त्यापेक्षा कमी वेळात अकोला येते.

मग एकच मोठे जिल्हा आरोग्य खाते करावे का? परिषदेचे जुने सदस्य म्हणतात, रुग्णालयेही आमच्याकडे द्या, घटनाच तसे सांगते. डॉक्टरांना ते नको असते. सदस्यांच्या शिफारशी, बदल्यांचे दडपण, सभेतली झाडाझडती त्यांनी पाहिलेली असते. मी या भांडणात डॉक्टरांच्या बाजूला थोडा झुकतो, पण त्यांनाही पूर्ण सोडत नाही. रुग्णालये राज्याकडेच राहू द्या. परिषदेकडे प्रतिबंधाचे काम आहे, ते मात्र नावापुरते न ठेवता खरेखुरे द्या. कायम नेमणुकीचा साथरोग तज्ज्ञ, पाण्यातली आणि धान्यातली रसायने तपासणारी जिल्ह्याची प्रयोगशाळा, आणि नगरपालिकांनाही पोहोचणारे अधिकार. जिल्ह्यातल्या अकरा नगरपालिका आणि दोन नगरपंचायतींना स्वतःचे आरोग्य खाते म्हणावे असे फारसे काही नाही. तिथे आरोग्य म्हणजे कचऱ्याची गाडी आणि डासांची धूर फवारणी.

खर्चाचे बोलू. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. माणशी वर्षाला चाळीस रुपये धरले तर दहा कोटींच्या थोडे वर जाते. जिल्हा वार्षिक योजना काहीशे कोटींची असते, त्यात ही रक्कम डोळ्यांवर येण्यासारखी नाही. ती वेगळ्या लेखाशीर्षाखाली, परिषदेच्या आरोग्य समितीच्या मंजुरीने आणि आरोग्य अधिकाऱ्याच्या सहीने खर्च व्हावी. विदर्भाच्या अनुशेषाची गणिते १९८४च्या दांडेकर समितीपासून केळकर समितीपर्यंत अनेकदा मांडून झाली. त्या अनुशेषात रस्ते, सिंचन, खाटा मोजल्या जातात. प्रयोगशाळेतले यंत्र आणि ते चालवणारा माणूस कोणी फारसा मोजत नाही.

यात एक अडचण आहे आणि ती टाळता येणार नाही. परिषदेकडे अधिकार द्या म्हणताना परिषद जागेवर हवी. बुलढाणा जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि प्रशासक आले. सोमठाण्यात सलाईन दोरीवर लटकले तेव्हा आणि बोंडगावात केस गळाले तेव्हाही निवडून आलेली आरोग्य समिती नव्हती. प्रश्न विचारायला सदस्य नव्हते, म्हणून प्रश्न थेट मुंबईला आणि दिल्लीला गेले.

तेव्हा वाचकहो, परिषदेच्या गटासाठी मत मागायला कोणीही दारात आले तर वैद्यकीय महाविद्यालयाचे श्रेय कोणाचे यावर वेळ घालवू नका. आपल्या गावच्या पाण्याचा शेवटचा रासायनिक अहवाल कोणत्या तारखेचा आहे, ते विचारा. गाव आरोग्य समितीला दरवर्षी मिळणाऱ्या दहा हजारांचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा. आणि परिषदेच्या आरोग्य समितीला स्वतःचे लेखाशीर्ष देण्याचा ठराव ते पहिल्या सभेत मांडणार का, हे चार लोकांसमोर वदवून घ्या.